असईच्या लढाईत ‘लॉर्ड वेलिंग्टन’ नव्हते: इंग्रजी किताब वाचायचे कसे

स्थानिक इतिहासाच्या एका पुस्तकाचे संपादन करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: “हस्तलिखितात तीन वाक्ये आहेत. ‘असईच्या लढाईत लॉर्ड वेलिंग्टन यांनी शिंदे-भोसल्यांचा पराभव केला.’ ‘लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पेशवाईचा मुलूख ताब्यात घेऊन नवी व्यवस्था लावली.’ ‘फाळणीच्या काळात लेडी एडविना यांनी निर्वासितांच्या छावण्यांना भेटी दिल्या.’ मला तिन्ही बरोबर वाटतात, पण परीक्षकांनी तिन्हींवर तांबडी खूण केली आहे. ड्यूक, अर्ल, लॉर्ड, सर यांत फरक काय, आणि कोणाला कधी काय म्हणायचे हे ठरवायचे कसे?”

परीक्षकांची खूण योग्य आहे. घटना तिन्ही खऱ्या आहेत, माणसांचे उल्लेख तिन्ही चुकले आहेत. सत्तावीस वर्षे मी कंपनी सरकारच्या काळातल्या इंग्रजी पत्रांची भाषांतरे आणि संपादने करतो आहे, आणि या तीन चुका मला दरवर्षी भेटतात. चांगल्या अभ्यासकांच्या लेखनातही भेटतात. त्यांचे मूळ एकच आहे. आपण किताबाला आडनाव समजतो. आपल्याकडे जोशी जन्मभर जोशीच असतो. इंग्रज सरदाराचे नाव मात्र त्याच्या हयातीत चार-चार वेळा बदलते, आणि बदलल्यावर तो सहीसुद्धा नव्या नावाने करतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘हा कोण’ असा न विचारता ‘ही तारीख कोणती’ असा विचारायचा.

वेलस्ली बंधूंपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्राच्या इतिहासात सगळ्यांत जास्त गोंधळ त्यांनीच घातला आहे.

थोरला रिचर्ड. १७८१ मध्ये वडील वारले आणि तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला. १७९८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला तो लॉर्ड मॉर्निंग्टन या नावाने. श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि १७९९ च्या अखेरीस त्याला मार्क्विस वेलस्ली करण्यात आले. म्हणजे १७९८ च्या पत्रातला ‘मॉर्निंग्टन’ आणि वसईच्या तहाच्या वेळचा, १८०२ चा, ‘वेलस्ली’ हा एकच माणूस. धाकटा आर्थर त्याच काळात दख्खनमध्ये फौजेबरोबर होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ लढाई झाली तेव्हा तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. लॉर्ड नव्हता, सरसुद्धा नव्हता. त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, नंतर नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, या सगळ्या ठिकाणी तो ‘जनरल वेलस्ली’च. ‘सर आर्थर’ तो १८०४ मध्ये झाला, ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या सन्मानाचा नाइट केला तेव्हा. १८०५ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला.

‘वेलिंग्टन’ हे नाव १८०९ पर्यंत अस्तित्वातच नव्हते. स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर त्याला व्हायकाउंट करायचे ठरले. तो रणभूमीवर आणि किताबासाठी नाव तर ताबडतोब हवे, म्हणून लंडनमध्ये असलेल्या विल्यम या भावाने ते निवडून टाकले. सॉमरसेटमध्ये वेलिंग्टन नावाचे एक गाव आहे, आणि नाव घराण्याच्या आडनावाशी मिळतेजुळते होते, एवढाच त्यामागचा विचार. मग १८१२ मध्ये अर्ल, त्याच वर्षी मार्क्विस, आणि १८१४ मध्ये ड्यूक. आता तुमचे पहिले वाक्य पाहा. जी व्यक्ती असईला ‘लॉर्ड वेलिंग्टन’ म्हणून उभी केली आहे, ती त्या नावाने जगात यायला अजून सहा वर्षे बाकी होती. तो माणूस पुढे कोण झाला हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ही चूक होते. आपल्या वाचकाला तो संबंध कळावा असे वाटत असेल तर ‘जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन)’ असे लिहा. ‘पुढे’ हा शब्द माझ्या कामात मी सगळ्यांत जास्त वापरला असेल.

आता पायऱ्या. खालून वर बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि ड्यूक. व्हायकाउंटचे ‘व्हिस्काउंट’ करू नका, त्यातला स उच्चारात नाही. पहिल्या चारही पायऱ्यांवरच्या माणसाला बोलण्यात आणि साध्या लेखनात ‘लॉर्ड’ म्हणता येते. ड्यूकला मात्र कधीच नाही. म्हणून ‘लॉर्ड वेलिंग्टन’ हे १८०९ ते १८१४ एवढ्याच काळासाठी खरे आहे, वॉटर्लूच्या वेळी म्हणजे १८१५ मध्ये तो ड्यूक होता. मराठीत आलेला ‘लाटसाहेब’ हा शब्द याच लॉर्डचा अपभ्रंश. मुलकी लाट म्हणजे गव्हर्नर, जंगी लाट म्हणजे सरसेनापती. लोकांनी तो हुद्द्याला लावला, इंग्रज तो दर्जाला लावत. गोंधळाचे एक कारण तिथेच आहे. गव्हर्नर झाला म्हणून कोणी लॉर्ड होत नाही. मुंबईचे कितीतरी गव्हर्नर नुसते ‘सर’ होते, आणि काही तर तेही नव्हते.

हे आपल्या सरंजामासारखे असेल असे समजून पुष्कळ लोक फसतात. नागपूरकर भोसल्यांचे ‘सेनासाहेब सुभा’ किंवा गायकवाडांचे ‘सेनाखासखेल’ हे किताब कामगिरीशी, फौजेशी, मुलखाच्या वसुलीशी बांधलेले होते. इंग्रजी किताबातल्या गावाच्या नावामागे या काळात तसले काही उरले नव्हते. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा वेलिंग्टन गावावर अंमल नव्हता. त्याला मोठी इस्टेट हवी होती ती पार्लमेंटने मंजूर केलेल्या पैशांतून, स्ट्रॅटफील्ड से इथे, वेगळ्याच परगण्यात घेण्यात आली. माउंटबॅटन ‘ऑफ बर्मा’ झाले ते तिथल्या युद्धातल्या कामगिरीमुळे. मुंबईच्या रुईया कॉलेजात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ मेघनाद देसाई १९९१ मध्ये बॅरन देसाई ऑफ सेंट क्लेमेंट डेन्स झाले. ते लंडनच्या मध्यवस्तीतल्या एका पॅरिशचे नाव आहे, आणि ते ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत ती संस्था त्याच भागात आहे. म्हणून ‘वेलिंग्टनचा सरदार’, ‘मेयोचा जहागीरदार’ असली भाषांतरे करू नका. ‘ऑफ’ जसाच्या तसा ठेवा, आणि जिथे नाही तिथे घालू नका. कॉर्नवॉलिस हा अर्ल कॉर्नवॉलिस आणि मग मार्क्विस कॉर्नवॉलिस, मध्ये ‘ऑफ’ नाही. वेलस्लीच्याही नाही. किताब आडनावावरून घेतला असेल तर बहुधा ‘ऑफ’ गळतो.

एकच माणूस दोन नावांनी वावरल्याने आणि दोन माणसे एका नावाने वावरल्याने होणारा घोटाळा याहून वाईट. याचे मोठे उदाहरण हेस्टिंग्ज. वॉरन हेस्टिंग्ज, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा, सालबाईच्या तहाचा, हा कधीच लॉर्ड नव्हता. त्याला सरदारकी मिळालीच नाही. ‘लॉर्ड हेस्टिंग्ज’ म्हणजे फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज. तो १८१३ मध्ये आला तेव्हा अर्ल ऑफ मोइरा होता, नेपाळच्या युद्धानंतर मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १८१८ मध्ये पेशवाई संपली. पहिल्या युद्धाचा हेस्टिंग्ज आणि शेवटच्या युद्धाचा हेस्टिंग्ज यांच्यात पस्तीसेक वर्षांचे अंतर आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका ग्रंथाच्या सूचीत ‘मोइरा’ आणि ‘हेस्टिंग्ज, लॉर्ड’ अशा दोन स्वतंत्र नोंदी केल्या होत्या. पुस्तक छापून आल्यावर चूक लक्षात आली. तेव्हापासून सूची करताना प्रत्येक सरदाराचे मूळ नाव, जन्ममृत्यू आणि किताबांच्या तारखा एका वहीत लिहिल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. आपल्या जवळच्या काळातले उदाहरण हवे असेल तर आयर्विन घ्या. १९३१ मध्ये गांधीजींशी करार करणारे लॉर्ड आयर्विन, आणि १९३८-३९ मध्ये हिटलरच्या संकटाच्या वेळी इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री असलेले लॉर्ड हॅलिफॅक्स, हे एकच. मूळ नाव एडवर्ड वुड. आयर्विन ही बॅरनकी त्यांना व्हाइसरॉय होण्याआधी नव्याने दिली होती, हॅलिफॅक्स ही व्हायकाउंटकी १९३४ मध्ये वडिलांकडून आली. दुसऱ्या महायुद्धावरची मराठी पुस्तके वाचणाऱ्या कितीतरी लोकांना हे आपले आयर्विनच आहेत याचा पत्ता नसतो.

आता एक बारकावा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘लॉर्ड’ या शब्दानंतर काय येते ते पाहायचे. लॉर्ड आणि लगेच किताबाचे नाव असेल तर तो स्वतः सरदार. लॉर्ड, मग पाळण्यातले नाव, मग आडनाव, असे असेल तर तो सहसा ड्यूकचा किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा असतो. त्याला सौजन्याने लॉर्ड म्हणतात, कायद्याच्या दृष्टीने तो सामान्य नागरिक. सतीबंदीचा कायदा करणारे लॉर्ड विल्यम बेंटिंक याचे ठळक उदाहरण. ते ड्यूक ऑफ पोर्टलंडचे दुसरे चिरंजीव. स्वतःची सरदारकी त्यांना कधीच नव्हती. हिंदुस्थानातून परतल्यावर ते ग्लासगोतून पार्लमेंटच्या कॉमन्स सभेवर, म्हणजे सामान्य नागरिकांच्या सभेवर, निवडून आले, हाच त्याचा पुरावा. म्हणून ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ किंवा थोडक्यात ‘लॉर्ड विल्यम’ बरोबर, ‘लॉर्ड बेंटिंक’ चूक. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून ‘लॉर्ड बेंटिंक’ इतके रुळले आहे की हे सांगितल्यावर शिक्षक माझ्याकडे संशयाने बघतात. थोरल्या मुलाची गोष्ट निराळी. वडील जिवंत असेपर्यंत तो वडिलांचा एखादा दुय्यम किताब वापरतो. अंदमानात १८७२ मध्ये ज्यांचा खून झाला ते लॉर्ड मेयो त्याआधी बरीच वर्षे कॉमन्समध्ये ‘लॉर्ड नास’ म्हणून बसत होते.

माउंटबॅटन यांच्या बाबतीत तर दोन्ही प्रकार एकाच आयुष्यात आले. जन्म १९०० मध्ये, बाटेनबर्गचे प्रिन्स लुई म्हणून. १९१७ मध्ये जर्मनीशी युद्ध चालू असताना कुटुंबाने जर्मन किताब सोडले, वडील मार्क्विस ऑफ मिलफर्ड हेवन झाले, आणि धाकटा मुलगा म्हणून हे ‘लॉर्ड लुई माउंटबॅटन’. १९४६ मध्ये त्यांना स्वतःची व्हायकाउंटकी मिळाली आणि तिथून ते ‘लॉर्ड माउंटबॅटन’. मार्च १९४७ मध्ये दिल्लीला आले ते व्हायकाउंट माउंटबॅटन, अर्ल झाले ते त्याच वर्षी पुढे. युद्धकाळातल्या वर्तमानपत्रात ‘लॉर्ड लुई’ आणि फाळणीच्या काळात ‘लॉर्ड माउंटबॅटन’ दिसले तर ती वार्ताहराची लहर नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आयर्लंडच्या किताबांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण हिंदुस्थानात आलेल्या मंडळींत ते बरेच आढळतात. आयरिश सरदाराला लंडनच्या लॉर्ड्स सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या सरदारांच्या सभेत, आपोआप जागा नसे. म्हणून तो दर्जा कमी समजला जाई. रिचर्ड वेलस्लीला मार्क्विसपद मिळाले तेही आयरिशच. तो इतका दुखावला की आपल्या किताबाला तो ‘दोनदा सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा’ म्हणाला. पण याच उणिवेचा काहींना फायदा झाला. लॉर्ड्समध्ये जागा नाही म्हणजे कॉमन्सची निवडणूक लढवता येते. रॉबर्ट क्लाइव्ह बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी होऊनही कॉमन्समध्ये श्रूजबरीचा सभासद होता, तो यामुळेच. १८९८ मध्ये कर्झन व्हाइसरॉय नेमले गेले तेव्हा त्यांना बॅरन करायचे होते, पण परत येऊन कॉमन्सचे दार उघडे राहावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून आयरिश बॅरनकी दिली. त्यानंतर कोणालाच नवी आयरिश सरदारकी मिळालेली नाही.

आता तुमचे दुसरे वाक्य. दोन एल्फिन्स्टन एकमेकांत मिसळलेले मी इतक्या ठिकाणी पाहिले आहेत की यावर थांबावेच लागेल. पुण्याचा रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळी तिथे असलेला, पेशव्यांच्या मुलखाची व्यवस्था लावणारा आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. बॅरनच्या दर्जाच्या सरदाराच्या मुलांना ‘लॉर्ड’ लावत नाहीत, नावाआधी फक्त ‘ऑनरेबल’ लावतात. त्याला गव्हर्नर जनरलपद दोनदा देऊ केले होते, त्याने दोन्ही वेळा नाकारले. सरदारकी त्याने जन्मभर घेतली नाही, ‘सर’ही नव्हता. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचे. ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ म्हणजे त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. १८५७ चा उठाव झाला तेव्हा मुंबईत तो होता. आजचे हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होते आणि प्रभादेवी स्थानकाचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते, ते या पुतण्यावरून. म्हणजे पेशवाईच्या संदर्भात ‘लॉर्ड’ लिहिले की काकाच्या खुर्चीत पुतण्या बसतो. काका-पुतण्याची गल्लत पेशवाईच्या इतिहासात तरी आपण होऊ देता कामा नये!

‘सर’चा नियम सोपा आहे, पण तो आपल्या सवयीच्या उलट जातो. ‘सर’ नेहमी पाळण्यातल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. ‘सर जॉन माल्कम’ किंवा ‘सर जॉन’. ‘सर माल्कम’ नाही. याचे कारण माल्कम कुटुंबातच सापडेल. १८१५ मध्ये जॉन, पुल्टनी आणि जेम्स हे तिघे सख्खे भाऊ बाथचे नाइट कमांडर झाले. ‘सर माल्कम’ म्हटल्यावर तिघांतला कोणता? मराठी माणसाने हा नियम एकेकाळी अचूक पाळला होता. पुण्याचे ‘सर परशुरामभाऊ महाविद्यालय’ पाहा, सर आणि लगेच परशुरामभाऊ, पटवर्धन नाही. तसेच ‘सर रामकृष्ण भांडारकर’.

‘सर’मध्येही दोन जाती आहेत. नाइटचा ‘सर’ त्याच्याबरोबर संपतो. बॅरोनेटचा ‘सर’ मुलाकडे जातो. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सुरू केलेली ही वंशपरंपरागत पदवी, पण बॅरोनेट सरदार नसतो, लॉर्ड्समध्ये त्याला जागा नसते. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट १७९१ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणून त्याच्या सुरुवातीच्या पत्रांत ‘मिस्टर मॅलेट’ आणि नंतर ‘सर चार्ल्स मॅलेट’ असे दिसते. मुंबईत तर बॅरोनेटांची गोष्ट फार वेगळी झाली. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, दोन्ही वेळा हा मान मिळवणारे पहिले हिंदी. १८५९ मध्ये ते वारले. पारशी पद्धतीत मुलाच्या नावामागे बापाचे नाव लागते, पिढीगणिक नाव बदलते. मग किताबाचे घराणे ओळखायचे कसे? म्हणून १८६० मध्ये कायदाच करून घेण्यात आला की जो कोणी हा किताब धारण करील त्याने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यावे. थोरल्या मुलाचे नाव खरे तर कर्सेटजी, तो सर जमशेटजी झाला. १८७० च्या कागदात ‘सर जमशेटजी जीजीभाई’ दिसले तर तो जे. जे. इस्पितळाला देणगी देणारा दाता नव्हे, त्याचा मुलगा आहे. पेटिट घराण्यातही हाच प्रकार. जीनांची पत्नी रतनबाई ज्यांची मुलगी ते सर दिनशा पेटिट म्हणजे दुसरे बॅरोनेट, पहिल्या सर दिनशांचे नातू. गिरण्या उभारणारे ते पहिले.

खरी वंशपरंपरागत सरदारकी मिळालेला हिंदी माणूस एकच, सत्येंद्रप्रसन्न सिन्हा. १९१९ मध्ये ते बॅरन सिन्हा ऑफ रायपूर झाले. रायपूर म्हणजे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले त्यांचे गाव, छत्तीसगडचे नव्हे. १९२८ मध्ये ते वारले, आणि मुलाला लॉर्ड्समध्ये बसायला १९३९ पर्यंत थांबावे लागले. अडचण अशी काढली गेली की हिंदू पद्धतीच्या लग्नात त्या वेळी नवऱ्याला दुसरी बायको करण्याची मुभा होती, मग अशा लग्नाची संतती इंग्रजी कायद्याने किताबाची वारस ठरते का? सिन्हा पतिपत्नी पुढे ब्राह्मो समाजात गेले होते आणि तिथे एकपत्नीत्वाचे बंधन होते, या आधारावर शेवटी हक्क मान्य झाला. हा निकाल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला वाईट वाटते. ज्या माणसाला स्वतः राजाने किताब दिला, त्याच्या मुलाला आपल्या आईवडिलांचे लग्न ‘लग्न’ आहे हे सिद्ध करावे लागले.

आणि वारसाच्या या मुद्द्यावरच मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण सातारा आणि नागपूर वाचणाऱ्याला ते समजले पाहिजे. किताबाची सनद निघते तेव्हा तिच्यातच लिहिलेले असते की तो कोणाकडे जाईल. बहुतेक सनदांत ‘औरस पुरुष संतती’ असाच अर्थ असतो. मुलगी नाही, जावई नाही, आणि दत्तक तर नाहीच. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला स्थानच १९२६ मध्ये मिळाले, आणि त्यानंतरही दत्तक मुलगा सरदारकीचा वारस होत नाही, आजही नाही. आता डलहौसी पाहा. मूळ नाव जेम्स ब्राउन-रॅम्से, दहावा अर्ल ऑफ डलहौसी. साताऱ्याचे महाराज शहाजी उर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये दत्तक घेऊन वारले, तो दत्तक डलहौसीने अमान्य केला. पुढच्या वर्षी पंजाब खालसा करून तो मार्क्विस झाला. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी. १८६० मध्ये डलहौसी स्वतः वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपले, अर्लपद चुलतभावाकडे गेले. खालसा धोरणाची कारणे राजकीय आणि पैशाची होती, एका कायद्याच्या कल्पनेतून ते निघाले असे मी म्हणणार नाही. पण दत्तक घेतलेला मुलगा हा पोटच्या मुलाइतकाच वारस, श्राद्धाचाही आणि गादीचाही, ही आपल्याकडची साधी गोष्ट डलहौसीच्या स्वतःच्या घराण्याच्या कायद्यात कुठेच बसत नव्हती, हे लक्षात ठेवून ते कागद वाचले तर त्यांतली भाषा जास्त कळते.

यामुळे हे किताब भराभर संपतात, हेही ध्यानात घ्या. पेशवाई संपवणाऱ्या हेस्टिंग्जचे मार्क्विसपद बरोबर पन्नास वर्षांनी, १८६८ मध्ये, चौथ्या मार्क्विसबरोबर संपले. रिचर्ड वेलस्लीचे १८४२ मध्ये त्याच्याबरोबरच. कॅनिंग अर्ल झाला आणि १८६२ मध्ये निपुत्रिक गेला. विलिंग्डन यांची चढण तर पाहण्यासारखी आहे: १९१० मध्ये बॅरन, १९२४ मध्ये व्हायकाउंट, १९३१ मध्ये अर्ल, १९३६ मध्ये मार्क्विस. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये निघाले तेव्हा ते बॅरन होते. मुलाबरोबर १९७९ मध्ये तेही घराणे संपले, कॉलेज आहे. मुलींना वारसा हवा असेल तर सनदेत तसे खास लिहून घ्यावे लागते. कर्झन यांनी एका बॅरनकीपुरते तसे करून घेतले, माउंटबॅटन यांनी अर्लपदासाठी. म्हणून १९७९ नंतर त्यांच्या थोरल्या कन्या पॅट्रिशिया काउंटेस झाल्या.

तुमचे तिसरे वाक्य इथेच येते. ‘लेडी’ आणि लगेच पाळण्यातले नाव हे फक्त ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल यांच्या मुलींना लागते. ते जन्माने मिळते, लग्नाने नाही. लग्नाने मिळते ते ‘लेडी’ आणि नवऱ्याचा किताब किंवा आडनाव. एडविना यांचे वडील विल्फ्रिड अॅशली, जे पुढे बॅरन माउंट टेंपल झाले. बॅरनच्या मुलीला ‘लेडी’ लागत नाही. १९२२ मध्ये लग्न झाल्यावर त्या ‘लेडी लुई माउंटबॅटन’ झाल्या, कारण नवरा ‘लॉर्ड लुई’. विचित्र वाटते, पण नियम तोच आहे. १९४६ पासून ‘लेडी माउंटबॅटन’. ‘लेडी एडविना’ त्या आयुष्यात एक दिवसही नव्हत्या.

कागद हातात असेल तर आणखी एक खूण उपयोगी पडते. सरदार सही करतो ती फक्त किताबाच्या शब्दाने, पाळण्यातले नाव न लिहिता. १८०३ च्या पत्राखाली नुसते ‘वेलस्ली’ असेल तर तो कलकत्त्याचा रिचर्ड. ‘आर्थर वेलस्ली’ असेल तर तो दख्खनमधला भाऊ. नुसते ‘एल्फिन्स्टन’ असेल तर पुतण्या, ‘एम. एल्फिन्स्टन’ असेल तर काका. सही वाचायच्या आधी पत्राचा काळ पाहिलेला असला की शंका जवळजवळ उरत नाही.

तुमच्या हस्तलिखितासाठी: पहिले वाक्य ‘असईच्या लढाईत मेजर जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यांच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला’. दुसऱ्यात ‘लॉर्ड’ काढून ‘माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’. तिसऱ्यात ‘लेडी माउंटबॅटन’, किंवा नाव हवेच असेल तर ‘एडविना माउंटबॅटन’, नावाआधी काही न लावता. आणि सूचीत या तिघांची मुख्य नोंद ‘वेलस्ली, आर्थर’, ‘एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट’ आणि ‘माउंटबॅटन, एडविना’ अशी करा. ‘वेलिंग्टन’ खाली फक्त ‘पाहा: वेलस्ली, आर्थर’ एवढेच.